पीठ लागलेल्या चिठ्ठ्या

लिंकन, ४ फेब्रुवारी १९०८

प्रिय हेस्टर,

तुझं पुडकं पोचलं. आधी टेबल पुसलं, मग पुडकं उघडलं, मग पुन्हा टेबल पुसलं. चिठ्ठ्यांबरोबर तू पावशेर पीठही पाठवलं आहेस. आमच्या कोशकचेरीत बावीस माणसं गेली सोळा वर्षं इंग्रजी शब्दांचा इतिहास लिहिताहेत. बेकरीची शाखा उघडायचं अजून कुणाच्या मनात आलेलं नाही.

वाचकांसाठीचं छापील पत्रक मीच तुला धाडलं होतं, ही माझी चूक. जुन्या पुस्तकात शब्द सापडला की अर्ध्या पानाची चिठ्ठी घ्यायची, डाव्या कोपऱ्यात शब्द लिहायचा, खाली साल, पुस्तक, पान, आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. इथवर तू नियम पाळलेस. पण शब्द कोणते निवडलेस! विंडो. वीक. वॉटर. वॉक. वाइफ. डब्ल्यूचा खंड माझ्याकडे आहे हे सांगितलं, म्हणून तू डब्ल्यूने सुरू होणारं घरातलं सगळं भांडंकुंडं उचलून पाठवलंस. अगं, ज्याला खिडकी म्हणजे काय ते कळत नाही त्याने आमचा कोश विकत घेऊ नये. आधी आपल्याच भिंतीकडे नीट बघावं.

वाचक कसा असतो सांगतो. एक निवृत्त पाद्री आहेत, त्यांनी आम्हाला 'वॉनहोप' या शब्दाच्या एकवीस चिठ्ठ्या दिल्या. वॉनहोप म्हणजे निराशा. जिवंत माणसाच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकलेला नाही. याला म्हणतात सापडणं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. होय, ज्याच्या हजार चिठ्ठ्या ग्राह्य ठरतात त्या प्रत्येक वाचकाचं नाव खंडाच्या प्रस्तावनेत छापतात. तुझ्या तीनशे बारांपैकी नऊ मी ग्राह्य धरल्या आहेत, त्याही नात्याखातर. या वेगाने तुझं एकशे बारावं पुडकं यायची आम्ही वाट पाहू.

तुझ्या नवऱ्याला, जेबेझला, माझा नमस्कार सांग. बनपाव चांगले होते, पुडक्यातली तेवढीच गोष्ट कामाची.

तुझा चुलतभाऊ,
लान्सलॉट फेरबी


व्हिटबी, ११ फेब्रुवारी १९०८

प्रिय लान्सलॉट,

दोनदा टेबल पुसलंस म्हणजे सोळा वर्षांत पहिल्यांदाच हाताला काही काम पडलं म्हणायचं. पिठाचे उपकार मान.

पिठावरून आठवलं. काकांच्या घरी, नाताळच्या जेवणात, शाळेतून नुकताच आलेला तू अक्कल पाजळत होतास. लेडी हा शब्द मुळात 'पाव मळणारी' असा होता, आणि लॉर्ड म्हणजे पाव राखणारा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, मी पण. आज मला सांग, तुझ्या-माझ्या ओळखीत खरी लेडी कोण आहे? आणि तू कशाचा राखणदार आहेस? चिठ्ठ्यांचा. त्याही नऊ.

खिडकी सगळ्यांना ठाऊक असते म्हणतोस. मी काल दुकानात आलेल्या आठ जणांना विचारलं की विंडो हा शब्द आला कुठून. सातजण माझ्याकडे बघतच राहिले, आठवा म्हणाला, "बाई, पाव द्या, भूक लागलीय." मग मी सांगितलं. उत्तरेकडून बोटी घेऊन आले त्या लोकांच्या भाषेत 'वाऱ्याचा डोळा'. काच नव्हती, भिंतीला नुसतं भोक, त्यातून घरात यायचा तो वारा. मासेवाली म्हातारी पेग म्हणाली, "अगं बाई! मग माझं घर सगळं डोळेच डोळे." तुझ्या निवृत्त पाद्र्यांना असं कुणी काही म्हणालं का कधी?

माझी वाक्यं कुठून येतात ते तू विचारलंही नाहीस. आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत एक पेटी आहे. थॉर्नबी हवेलीतल्या अर्सुला बाईंची घरवही त्यात आहे, साल १५९७ ते १६१४. धाकटे पाद्री डनेट यांनी मला ती वाचायची परवानगी दिली, आणि ते जुनं अक्षर लावायला मला दोन हिवाळे लागले. अर्सुला बाई लिहितात, 'जोनने खिडकी उघडी टाकली आणि मांजराने उद्याचं मटण आज नेलं.' 'या आठवड्यात तीनदा पाव करपला. जोन प्रेमात पडली असावी.' तीनशे वर्षांपूर्वीची बाई बोलतेय, लान्सलॉट. तुला तिच्यात वॉनहोप सापडला नाही याचं मला वाईट वाटतं.

मला काय हवंय ते सरळ सांगते, म्हणजे तुला शोधायचे कष्ट नकोत. मला त्या यादीत नाव हवंय. काकांना एकाच मुलाला शिकवायला जमणार होतं. तू नऊ वर्षांचा होतास, मी दहाची, आणि माझं वाचन तुझ्यापेक्षा बरं होतं, हे मास्तर स्वतः सांगून गेले होते. तुला शाळेत घातलं, मला भट्टीवर. मी रडले नाही असं सगळ्यांना सांगत आले. खोटं आहे ते, मी पिठाच्या पोत्यांमागे बसून रडले. त्याला बेचाळीस वर्षं झाली. मला पदक नको, जेवणाचं आमंत्रण नको. मी हे काम केलं असं कुठेतरी छापलेलं हवंय.

सोबत आणखी दोनशे अठ्ठ्याऐंशी. प्रत्येकीच्या मागे मी आकडा टाकला आहे, मोजताना तुझी गडबड होऊ नये म्हणून.

हेस्टर


लिंकन, ३० मार्च १९०८

प्रिय हेस्टर,

तुझी तीन पुडकी एकदम समोर आहेत. एकूण नऊशे चाळीस चिठ्ठ्या. ग्राह्य एकेचाळीस. मी उदार झालो आहे, लोकांना सांगू नकोस.

शाळेचा विषय निघाला की तू दहा वर्षांची होतेस. मी काय करणार? मी वडिलांना विचारून जन्मलो नाही आणि विचारून मुलगाही झालो नाही. राहिलं मास्तरांचं म्हणणं. ते मास्तर दारू प्यायचे.

गेल्या शनिवारी मुख्य संपादक डॉक्टर सेप्टिमस क्रोल यांच्याकडे आम्हा सगळ्यांचं जेवण होतं. गप्पा थंडावल्या होत्या, म्हणून मी तुझी मांजराची चिठ्ठी वाचून दाखवली. हेस्टर, जेवणघरात असा हशा मी ऐकला नव्हता. पिम नावाचा आमचा तरणा उपसंपादक हसता हसता खोकायला लागला, त्याच्या पाठीत गुद्दे मारावे लागले. "उद्याचं मटण आज नेलं!" आता कचेरीत कुणाचंही काही हरवलं की हेच म्हणतात. म्हणजे तू प्रसिद्ध झालीसच, यादीची घाई कशाला?

फक्त डॉक्टर क्रोल हसले नाहीत. ते सूप पीत होते. त्यांना ऐकू कमी येतं.

उरलेल्या चिठ्ठ्यांची काळजी करू नकोस, त्या योग्य जागी ठेवल्या आहेत. कोऱ्या बाजूंचा उपयोग होतो.

लान्सलॉट


व्हिटबी, ६ एप्रिल १९०८

लान्सलॉट,

मी तुझं पत्र जेबेझला वाचून दाखवलं. तो भट्टीत लाकडं सारत होता. म्हणाला, "बघ, तुझा भाऊही हसतो. मी नुसता हसलो तर मी अडाणी." मग म्हणाला, "सोड ना ते. रद्दीच ती." माझ्या घरात एक हसणारा आहे आणि लिंकनला एकवीस आहेत. एकदा तुमची गाठ घालून द्यायला हवी, जेवणाचा बेत मी करीन, तुम्ही फक्त हसा.

आता ऐक. जेवायला बसलेल्या बावीस विद्वानांपैकी एकालाही असं वाटलं नाही का, की हे वाक्य म्हणजे १५९७ सालातली खरी, बोलती, धडधाकट खिडकी आहे? तुम्ही शब्दांचे डॉक्टर. समोर जिवंत माणूस येऊन बसला तर तुम्हाला हसू येतं. मेलेलं आणून दिलं की टोप्या काढता.

वाइफच्या बारा चिठ्ठ्या मी पाठवल्या, त्याही तू परत केल्या नाहीस आणि धरल्याही नाहीस. त्यात एक होती, अर्सुला बाईंच्या गावात एका मासेवाल्या म्हातारीला त्या 'फिशवाइफ' म्हणतात आणि पुढे लिहितात, 'लग्न तिने कधी केलं नाही.' वाइफ म्हणजे मूळची नुसती बाई, नवरा असो वा नसो. तुझ्या पुस्तकात हे लिहायचं असेल तर पुरावा लागेल. तो तुझ्या टेबलावर पडलाय, त्याच्या कोऱ्या बाजूवर तू बहुतेक न्याहारीची यादी करत असशील.

सोबत शेवटचं पुडकं, सातशे चिठ्ठ्या. एकूण सोळाशे चाळीस झाल्या. आता मी काही पाठवणार नाही, काही विचारणार नाही. नीट मोज आणि कळव.

हेस्टर


लिंकन, ९ ऑक्टोबर १९०८

माझी प्रिय हेस्टर,

किती महिन्यांत तुला लिहिलं नाही, याची मला फार खंत वाटते. तब्येत कशी आहे? व्हिटबीला आता वारा सुटला असेल. जेबेझचा खोकला कमी झाला का? परवा इथल्या एका बेकरीतला पाव खाल्ला आणि तुझ्या हाताची आठवण आली. खरंच तुझ्यासारखा पाव इकडे कुणाला जमत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. काम भरपूर आहे, डब्ल्यू छापखान्याकडे जायची वेळ जवळ आली. सहज एक आठवलं म्हणून विचारतो. तू त्या चिठ्ठ्या पाठवल्यास, त्यांची नक्कल तुझ्याकडे ठेवली आहेस का? विशेषतः वीक, वॉक, वॉटर, वर्क, विंटर अशा किरकोळ शब्दांच्या. घाई नाही. पण या आठवड्यात कळवलंस तर बरं.

तुझ्यावर नेहमीच माया करणारा भाऊ,
लान्सलॉट


व्हिटबी, १३ ऑक्टोबर १९०८

लान्सलॉट,

तू मला 'माझी प्रिय' म्हणालास, म्हणजे काहीतरी जळालंय.

नक्कल ठेवलेली नाही. तुमची कचेरी लोखंडी कपाटांची आहे, आग लागत नाही, उंदीर शिरत नाही, असं तूच लिहिलं होतंस. माझ्या घरी भट्टी आहे आणि उंदीरही आहेत, म्हणून मी तुझ्यावर भरवसा ठेवला.

काय झालं ते खरं खरं लिही. माया नंतर करू.

हेस्टर


लिंकन, १९ ऑक्टोबर १९०८

हेस्टर,

लिहितो. एका बैठकीत लिहितो आहे, मध्येच थांबलो तर पुन्हा हात चालणार नाही.

गेल्या महिन्यात मी डब्ल्यूचे सगळे खण उघडले आणि चिठ्ठ्या मोजायला बसलो. वॉनहोपच्या सत्त्याऐंशी. न्यायालयांच्या जुन्या, मेलेल्या शब्दांच्या शेकड्यांनी. आणि वॉकच्या तीन. वीकची तर पंधराशे साठपासून सतराशेपर्यंत एकही नाही. जसं काही त्या दीडशे वर्षांत इंग्लंडमध्ये आठवडाच उजाडला नाही. दोनशे वाचक सोळा वर्षं पुस्तकं चाळताहेत आणि प्रत्येकाने विचित्र शब्द टिपले. कारण पत्रकात आम्हीच लिहिलं होतं की विचित्र शब्द टिपा. पाणी, वाट, काम, हिवाळा कुणालाच दिसले नाहीत. रोजचा शब्द कुणी टिपत नाही. तू टिपलास.

तुझ्या चिठ्ठ्यांचं काय झालं? कोऱ्या बाजूंवर मी कच्ची टिपणं करत असे. टिपणं झाली की टोपलीत. टोपली झाडूवाल्या मिसेस टिब्सच्या ताब्यात, आणि मिसेस टिब्स त्याने शेगड्या पेटवतात. उन्हाळ्यात शेगडी कोण पेटवतं असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "साहेब, चहा नको का तुम्हाला?" सोळाशे चाळीसपैकी एकेचाळीस उरल्या आहेत. आणि मांजराची एक मला पाठ आहे. ती मला पाठ का आहे हे तू मला ऐकवू नकोस. मी स्वतःला रोज ऐकवतो.

डॉक्टर क्रोल यांना इतकंच ठाऊक आहे की रोजच्या शब्दांचा पुरावा अपुरा आहे. ते मला म्हणाले, "फेरबी, इंग्रजी माणूस तुमच्या मते दोनशे वर्षं चालत नव्हता, पाणी पीत नव्हता आणि कामही करत नव्हता. फक्त निराश होता." डिसेंबरच्या मध्यापर्यंत सुधारलं नाही तर डब्ल्यू पिमला देणार आहेत. पिमला! जो मटणावर हसून खोकला होता. एकोणीस वर्षांचा होता तेव्हा मी त्याला स्वल्पविराम शिकवला.

तू मला वाचवू शकतेस. चर्चच्या त्या थंड खोलीत पुन्हा बसायची काही गरज नाही. तुझी स्मरणशक्ती चांगली आहे, निम्मी वाक्यं तुला आठवत असतील, उरलेली साधारण तशीच रच. साल आणि पान टाक. तपासणारा मीच आहे. तुझं नाव यादीत जाईल, हा माझा शब्द. फक्त शेगडीची गोष्ट दोघांतच राहू दे.

लान्सलॉट


व्हिटबी, २३ ऑक्टोबर १९०८

लान्सलॉट,

सोळाशे चाळीस चिठ्ठ्यांवर तुम्ही चहा केलात. किती कप झाले ते मिसेस टिब्सना विचारून ठेव. त्यांचा मला राग नाही. त्या बाईने समोर आलेला कागद वापरला. तिला कुणी शाळेत घातलं नव्हतं.

पत्र वाचून मी खाली गेले आणि एक आख्खा घाणा करपवला. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. जेबेझ म्हणाला, "काय झालं, मेलं का कुणी?" मी म्हटलं, "नाही, माझा भाऊ शिकलेला आहे." त्याला कळलं नाही.

आणि मग तू मला म्हणतोस, रच! चार दशकं नाकाने कांदे सोलतोस, पीठ लागलं म्हणून टेबल पुसतोस, माझ्या शब्दांना नावं ठेवतोस, आणि वेळ आली तेव्हा अर्सुला बाईंच्या तोंडी खोटी वाक्यं घाल म्हणतोस. मी बेकरीवाली आहे. पावात खडू मिसळणाऱ्या बेकरीवाल्याला आमच्या बापजाद्यांच्या काळी बाजारातून फिरवायचे. तुमच्या धंद्यात त्याला उपसंपादक म्हणतात वाटतं.

मी रचणार नाही. पुन्हा लिहीन. पेटी जागेवर आहे, वही जागेवर आहे, मी काल जाऊन पाहिलं. डनेट म्हणाले, "बाई, आत शेगडी नाही, नोव्हेंबरात बोटं चालणार नाहीत तुमची." मी म्हटलं, शेगडी नाही तेच बरं. सकाळचा शेवटचा घाणा दहाला निघतो. त्यानंतर अंधार पडेपर्यंत मी तिथे बसेन, पान पहिलं ते पान शेवटचं, मांजर, मटण, जोन, सगळी. बारा डिसेंबरला चिठ्ठ्या निघतील.

दोन अटी आहेत. पहिली, चिठ्ठ्या तुझ्या नावाने येणार नाहीत. डॉक्टर क्रोल यांच्या नावाने येतील. दुसरी, त्याआधी तू त्यांच्यासमोर उभं राहून शेगडीची गोष्ट सांगायची, मोठ्याने, त्यांना ऐकू कमी येतं ना. तू सांगितलं नाहीस तर मी तुझं हे पत्रच पुडक्यात घालीन. तारीख आहे, सही आहे, वाक्य जसंच्या तसं आहे. तुमच्या पत्रकाप्रमाणे पक्का पुरावा.

आणि नाव. ते तुझ्या शब्दावर नको, माझ्या हजार चिठ्ठ्यांवर छापून यायला हवं.

हेस्टर


लिंकन, २१ डिसेंबर १९०८

हेस्टर,

सांगितलं. तुझं पुडकं यायच्या दोन दिवस आधी. त्यांना तीनदा सांगावं लागलं आणि तिसऱ्यांदा शेजारच्या खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. डॉक्टर क्रोल यांनी विचारलं, "बाईंचं अक्षर कसं आहे?" मी म्हटलं, छान आहे. ते म्हणाले, "मग वाचता येत नव्हतं असंही म्हणायची सोय नाही तुम्हाला."

पुडकं आल्यावर त्यांनी कुणालाही न सांगता काही चिठ्ठ्या देऊन पिमला व्हिटबीला धाडलं. तो गिऱ्हाईक म्हणून तुझ्याकडून दोन पाव घेऊन गेला, मग चर्चमध्ये बसून त्याने तुझ्या दोनशे चिठ्ठ्या वहीशी ताडून पाहिल्या. एका चिठ्ठीत पानाचा आकडा चुकला आहे. शब्द एकही चुकलेला नाही. परत आल्यावर तो हसला नाही. पाव चांगला होता म्हणाला.

सोळाशे चाळीसच्या सोळाशे चाळीस ग्राह्य. डॉक्टर क्रोल म्हणाले, "फेरबी, या बाईंना इथे बसवायला हवं होतं आणि तुम्हाला भट्टीवर." डब्ल्यू माझ्याकडेच ठेवला आहे, कारण पिमला तो नको आहे. इतका अपमान सोसून मिळालेली गोष्ट मी कधी इतक्या आनंदाने घेतली नव्हती.

तुझ्या बोटांना काय झालंय ते पिमने सांगितलं. मलम पाठवतो आहे. लोकर गुंडाळून ठेव.

लान्सलॉट


लिंकन, ३ मे १९१०

प्रिय हेस्टर,

खंड निघाला! बांधणी अजून ओली होती तेव्हाच पहिली प्रत तुझ्यासाठी बाजूला काढली. उद्याच्या गाडीने निघेल. वीक उघडून बघ. १५९७ पासून पुढे ओळीने अर्सुला बाई बसल्या आहेत. जोनचा करपलेला पाव आता इंग्रजी भाषा आहे तोवर राहील. विंडोखाली मांजर आहे. डॉक्टर क्रोल यांनी हट्टाने ठेवलं, मुद्रितं वाचताना त्या ओळीशी एकटेच हसत होते.

आणि यादी! ती मीच केली. या वेळी कुणावर सोपवली नाही. प्रस्तावना, पान सात, डावा रकाना. नाव पूर्ण मानाने, कचेरीच्या रीतीला धरून घातलं आहे, तीनदा तपासलं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. बेचाळीस, नाही चव्वेचाळीस वर्षांचं ओझं माझ्या डोक्यावरून उतरलं. आता तरी मला त्या पिठाच्या पोत्यांमागून बाहेर येऊ दे.

ताई म्हणू का तुला? एका वर्षाने मोठी आहेस.

लान्सलॉट


व्हिटबी, १० मे १९१०

लान्सलॉट,

खंड पोचला. मी आधी हात धुतले, मग पुडकं उघडलं.

पान सात, डावा रकाना, खालून चौथी ओळ. 'मिसेस जेबेझ आउथ्वेट, व्हिटबी.'

मी ते दोनदा वाचलं. मग वरपासून खालपर्यंत सगळी यादी वाचली, दोन्ही रकाने, आणखी कुठे मी आहे का ते बघायला. नाही. रीत आहे, मला ठाऊक आहे. चर्चच्या पाटीवरही बायकांची नावं तशीच असतात. तू काही चुकवलं नाहीस. मला चीड येते ती याची, की पन्नास वर्षं तू मला हेस्टर म्हणत आलास आणि हे लिहिताना तुझा हात अडला नाही. तीनदा तपासलंस. तीनदा! मला भट्टीवर पाठवलं तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, तुला दोष देता येत नव्हता. आता येतो. तू आतून-बाहेरून मूर्ख माणूस आहेस, आणि हे मी माया ठेवून लिहीत नाही.

जेबेझ मात्र फार खूष आहे. खंड त्याने अजून उघडलेला नाही, फक्त ते पान कात्रीने कापून घेतलं आणि चौकटीत घालून दुकानात काउंटरच्या वर टांगलं. चौकट जरा लहान निघाली. रकान्याची डावी कड लाकडाखाली गेली, त्यात 'मिसेस' गेलं.

काल बंदरावरचे मोठे साहेब पाव घ्यायला आले होते. मी मागे कणीक मळत होते, मला ऐकू आलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "वा जेबेझ! इतकी वर्षं आम्हाला पत्ता नाही. एवढं सगळं कधी केलंस रे?"

जेबेझ म्हणाला, "वेळ मिळेल तसं."

हेस्टर